माझ्या काचेतला कललेला काटकोन

थोरल्या नातीचं लग्न ठरलं, त्या वर्षी मी सुतारआजोबांच्या नाकावर आलो. आज मी दांडी सैल झालेला एक जुना चष्मा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मला मान वर करवत नाही.

त्याआधी तीनच आठवडे आजोबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हींचं एकदम. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "आत टाके आहेत. ते सैल होईपर्यंत बुबुळाचा आकार बदलत राहील. नंबर तीन महिन्यांनी काढू." पण नातीला लग्नात कपाट द्यायचं होतं. आजोबांनी परस्पर चष्मेवाल्याला गाठलं. "आज जो नंबर निघेल, त्याचाच करा." तसा मी घडलो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. आजोबा आजीला म्हणाले, "अगं, तुझ्या गालावर तीळ आहे!"

"दिसला एकदाचा! पन्नास वर्षं झाली लग्नाला," आजी म्हणाली.

मग डोळा हळूहळू बदलत गेला. मी मात्र होतो तिथेच राहिलो. सरळ रेघा मी तिरप्या दाखवू लागलो. काटकोन तपासायला आजोबांकडे वडिलांच्या हातचा गुण्या होता. माझ्यातून तोही वाकडा दिसला. "झिजला वाटतं," म्हणत आजोबांनी कानस घेतली आणि तो खरा गुण्या घासून घासून खोटा केला. मी त्यांच्या डोळ्यांवर बसून ते बघत होतो.

कपाटाचं दार लागेना. आजोबांचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तुझं कपाट तोंड वासून बसलंय की!" आजोबांच्या ते जिव्हारी लागलं. ऑपरेशनच फसलं, असं ते धरून चालले. डोळ्यात थेंब घालणं सोडलं, तपासणीला जाणंही सोडलं.

दीड वर्षाने आजीने त्यांना जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरबाईंनी मला उतरवून दुसऱ्या काचा लावल्या. भिंतीवरची अक्षरं ताठ उभी राहिली.

"आजोबा, ऑपरेशन चांगलंच झालं होतं. चष्मा चुकीचा होता. पण थेंब सोडलेत, म्हणून काचबिंदूचा डोळ्यातला दाब वाढला. बाजूची नजर गेली, ती आता परत येणार नाही."

आजोबा एवढंच म्हणाले, "म्हणजे गुण्या बरोबर होता."

त्यांनी पुन्हा रंधा हातात धरला नाही. मला कुणी रागावलंही नाही, खणात ठेवलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

मित्रांनो, घरात कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तर नंबर स्थिर होईपर्यंत त्यांना थांबवा. वाकडं दिसलं तर आधी डॉक्टरांना विचारा. थेंब मात्र चुकवू देऊ नका.

त्या तपासणीनंतर चौथ्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी सुतारआजोबा वारले.