बू तिउर्मांच्या टेबलावरची कात्री

मित्रांनो, माझ्या पात्यांवर गंज चढला आहे आणि मधला खिळाही ढिला झाला आहे, पण माझी जीभ अजून शाबूत आहे. तोंड मिटून बसणं कात्रीच्या जातीला जमत नाही. मी जावा बेटावरच्या कुडुस गावची, क्रेतेकची टोकं कापणारी एक जुनी कात्री. क्रेतेक म्हणजे लवंग घातलेली सिगारेट. आमच्या गावात वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा लवंगेचा वास येतो. तुम्ही मात्र तिच्या नादी लागू नका, एवढं जाता जाता सांगून ठेवते.

एका ट्रकच्या मोडक्या पाट्याचं पोलाद तापवून लोहाराने मला घडवलं. बाजारात कार्सिनाहने मला उचललं, कानाशी धरून दोनदा उघडमीट केली आणि आवाज पसंत पडला म्हणून घरी नेलं. बोटांना घट्टे पडू नयेत म्हणून तिने आपल्या जुन्या बातिक कापडाची चिंधी माझ्या मुठीला गुंडाळली. त्या चिंधीत मी फार मिरवले.

कारखान्यात बायका जोडीने बसतात. एक वळते, दुसरी टोकं कापते. वळणारीचा हात चालला नाही तर कापणारी रिकामी, आणि कापणारी रेंगाळली तर वळणारीची मेहनत पडून राहते. त्यामुळे एकदा जोडी जमली की ती सहसा मोडत नाही. नवरा बदलता येईल, जोडीदारीण बदलवत नाही, असं बायका थट्टेने म्हणायच्या. कार्सिनाहची वळणारी होती लेगियेम. वयाने लहान, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. ती कार्सिनाहला ‘यू’ म्हणायची, म्हणजे ताई.

"यू, हात चालव की! कात्री झोपली वाटतं तुझी?"

"माझी कात्री टक्क जागी आहे. तुझ्या पोटातलं पोर दंगा घालतंय, म्हणून तुझा माल वाकडा येतोय."

"पोरावर ढकलू नकोस. ते अजून आलंही नाही आणि तू त्याला कामाला लावलंस!"

लेगियेमला दिवस गेले होते. बाळंतपणाची सुट्टी कागदावर होती, पण परत आल्यावर आपली जागा आणि आपली जोडीदारीण मिळेलच अशी खात्री नव्हती. सगळ्या बायकांना हीच धाकधूक असायची. त्या काळी कामगारांची संघटना एकच, आणि तिचे आमच्याकडचे पुढारी पाक सुबेक्ती, पाक म्हणजे साहेब, व्यवस्थापकांच्या शेजारच्याच खोलीत बसायचे. माणूस गोड. कधी कुणावर आवाज चढवला नाही आणि कधी कुणाचं कामही केलं नाही.

अशात एके दिवशी तिउर्मा नावाच्या बाई आल्या. कामगार आणि त्यांच्या संघटना हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि त्यावर त्या प्रबंध लिहीत होत्या. त्या सुमात्राच्या, बाताक लोकांतल्या. बाताक माणसाला आनंद झाला तरी तो भांडत असल्यासारखा बोलतो. त्यांनी पहिल्यांदा "कशा आहात सगळ्याजणी?" असं विचारलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईच्या हातून तंबाखू सांडली. बायका त्यांना ‘बू’ म्हणू लागल्या. शिकलेल्या बाईला आमच्याकडे अदबीने तसंच म्हणतात.

बू तिउर्मा बसक्या बाकावर बसून प्रत्येकीला विचारायच्या. संघटना तुमचं ऐकते का? इंगिह, बू. बाळंतपणानंतर जागा मिळेल असं वाटतं का? इंगिह, बू. काही तक्रार नाही ना? इंगिह, बू. इंगिह म्हणजे ‘होय’, तेही अदबीचं. लेगियेमनेही तेच सांगितलं आणि मान खाली घालून ती वळत राहिली. बाई पुढच्या बाकाकडे गेल्या तेव्हा ती पुटपुटली, "चांगल्या आहेत गं. पण होडीतून हाका मारतात तशा बोलतात."

मित्रांनो, मला बाई आवडल्या होत्या. घामाघूम व्हायच्या, पण दुपारी आमच्याबरोबर भात खाल्ल्याशिवाय जायच्या नाहीत. म्हणून पुढे जे झालं ते मला फार लागलं.

बाईंचा लेख विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. कुडुसच्या कामगार बायका आपल्या संघटनेवर समाधानी आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या लेखावर बाईंना सेमारांग शहराच्या विद्यापीठात नोकरी लागली. पाक सुबेक्तींनी तर तो चौकट करून आपल्या खोलीत टांगला.

लेगियेमला मुलगी झाली. राहायू तिचं नाव. सुट्टी संपवून लेगियेम परत आली, तर तिच्या जागी दुसरी बाई बसलेली. कार्सिनाह लेगियेमला घेऊन पाक सुबेक्तींकडे गेली. त्यांनी हसतमुखाने चौकटीकडे बोट दाखवलं.

"अहो, विद्यापीठातल्या बाई लिहितात की तुम्ही सगळ्या खूश आहात. मग ही कुरकुर कुठून आली?"

"इंगिह, पाक," कार्सिनाह म्हणाली आणि वाकून नमस्कार करून बाहेर आली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही. आमच्याकडे ‘नाही’ असंच, न बोलता म्हणतात.

लेगियेम मलेशियाला घरकामाला गेली. अंगावर पिणारं पोर कार्सिनाहच्या हवाली करून गेली. बस सुटली तेव्हा पोर कार्सिनाहच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. त्या दिवशी तिने माझ्याने घरचा कांदासुद्धा कापला नाही.

मग एकदा राहायूला शेजारणीकडे ठेवून तिने मला कागदात गुंडाळलं आणि बसने सेमारांग गाठलं. बू तिउर्मा तिला पाहून खुर्चीतून उडाल्याच. चहा आला, केळ्याची भजी आली.

"हे तुमच्यासाठी, बू."

"अगं, ही तर तुझी कात्री! मग तू काय वापरणार?"

"आता लागत नाही, बू."

"आणि लेगियेम कशी आहे? बाळ कसं आहे?"

"बाळ छान आहे. माझ्याकडे असतं. लेगियेम मलेशियाला गेली, लोकांची घरं झाडायला."

"बाळाला सोडून? आणि तिची जागा? तिने स्वतः मला सांगितलं होतं की जागा मिळेल!"

कार्सिनाहने चहाचा कप फिरवला. "बू, रस्त्यात भेटल्यावर मी विचारलं, जेवलात का, तर तुम्ही काय म्हणाल?"

"जेवले म्हणेन."

"उपाशी असलात तरी?"

बाईंनी हातातलं भजं बशीत परत ठेवलं.

"तसंच ते, बू," कार्सिनाह हळूच म्हणाली. "चहा छान झालाय."

बाई आधी लालबुंद झाल्या. "मग मला कुणी सांगायचं नाही का?" त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला. कार्सिनाह घाबरली नाही. "सांगितलं की. लेगियेमने होय म्हटलं आणि मान खाली घातली. तुम्ही तोवर उठला होतात." मग बाईंनी डोळ्यांना पदर लावावा तसा खांद्यावरच्या शालीचा काठ लावला आणि बराच वेळ काढला नाही.

जाता जाता चौकटीची गोष्ट सांगून कार्सिनाह गेली. मी टेबलावर राहिले, आणि त्यानंतर बाईंनी काय केलं ते मी जवळून पाहिलं. त्यांचे प्राध्यापक पाक हर्तोनो समजूत घालायला आले.

"तिउर्मा, लेख तुझ्या बढतीच्या फायलीत लागलाय. तो काढलास तर मागे काय उरतं? आणि जुने लेख वाचतो कोण?"

"पाक सुबेक्ती वाचतात, पाक. रोज. भिंतीवर लावलाय."

बाईंनी फायलीतून तो लेख काढून घेतला. ‘या लेखाचा निष्कर्ष चुकीचा आहे. मी होय ऐकलं आणि उठून आले,’ असं लिहून, खाली सही करून त्या ओळींच्या पुष्कळ प्रती काढल्या. त्या चिठ्ठ्या मी कापल्या. मग बाई ग्रंथालयांमागून ग्रंथालयं फिरल्या आणि परवानगी मागून प्रत्येक अंकात, लेखाच्या पहिल्याच पानावर, एकेक चिठ्ठी डकवत गेल्या. एक चिठ्ठी घेऊन त्या कुडुसलाही गेल्या. ही चौकटीवर चिकटवा, असं त्यांनी सांगितल्यावर पाक सुबेक्ती अदबीने म्हणाले, "इंगिह, बू." बाई फाटकाबाहेर पडायच्या आत चिठ्ठी कचऱ्याच्या टोपलीत गेली.

बढती अडली ती अडलीच. मागून आलेली मुलं पुढे गेली. साध्या वेशातले दोन गृहस्थ येऊन संघटनांबद्दल एवढी चौकशी कशासाठी, हेही विचारून गेले.  त्या दिवशी कागद कापताना बाईंची रेघ वाकडी गेली.

पण त्या थांबल्या नाहीत. बंदरावरचे हमाल, चहाच्या मळ्यातल्या बायका, बूट शिवणारी माणसं, सगळ्यांकडे जाऊन राहिल्या. विद्यार्थ्यांना त्या ओरडून सांगायच्या, "प्रश्न विचारा, मग त्यांच्याबरोबर भात खा, भांडी घासा, आणि तोच प्रश्न परत विचारा!" संपाची, टाळेबंदीची, नव्या संघटनांची बातमी दिसली की त्यांचा हात आपोआप माझ्याकडे यायचा. देशात किती उलथापालथ झाली ती मी शाईच्या वासावरून ओळखत गेले. पुढे राज्य बदललं, कामगारांना आपापल्या संघटना काढता आल्या, आणि कुडुसच्या बायका स्वतः मालकांसमोर बोलायला बसल्या. बाळंतिणीची जागा आणि जोडी राखून ठेवायचं त्यांनी कबूल करून घेतलं. बाईंचं जाडजूड पुस्तक आलं, उशिराने प्राध्यापकपदही आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी टेबलावर ताठ पडून होते, जणू माझाच सत्कार चालला होता!

मग बातम्या फोनवर येऊ लागल्या. कापायला काही उरलं नाही. मी खणात गेले, वाळलेली पेनं आणि तुटके रबरबँड यांच्या सोबतीला. कुणी एकाने माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला, तेव्हापासून माझी दोन्ही पाती जुळत नाहीत. त्याचा राग अजून आहे.

निवृत्तीच्या वेळी खोली रिकामी करताना बाईंना मी सापडले. त्या मला घेऊन कुडुसला निघाल्या.

कार्सिनाह म्हातारी झाली आहे. शेजारच्याच घरात लेगियेम राहते. मलेशियाहून ती परतली तेव्हा राहायू शाळेत जाऊ लागली होती, आणि आईला पाहून कार्सिनाहच्या मागे लपली होती. आता राहायू स्वतः कारखान्यात वळते. गेल्या वर्षी तिचंही बाळंतपण झालं, आणि ती आपल्याच जागेवर परत गेली.

तिघीजणी चटईवर बसल्या. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, गुडघ्यांच्या झाल्या. कार्सिनाह भात टाकायला आत गेली. मग बू तिउर्मांनी आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "लेगियेम, मला माफ केलंस का?"

"इंगिह, बू," लेगियेम म्हणाली, आणि तिने मान खाली घातली.

बाई उठल्या नाहीत.  चहावर साय धरली, अंगणातली कोंबडी आत येऊन गेली. बाई लेगियेमच्या खाली घातलेल्या मानेकडे बघत बसून राहिल्या.

"नाही," शेवटी लेगियेम म्हणाली. "अजून नाही, बू. पोर मला आई म्हणते. पण ठेच लागली की हाक कार्सिनाह यूला मारते." तिने डोळे पुसले आणि बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण तुम्ही उठू नका. भात होतोय."

बाई रडत रडत पोटभर जेवल्या.

मी आता कार्सिनाहच्या चुलीपाशी असते, मिरच्या आणि पातीचा कांदा कापते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या कात्रीने डबे उघडू नका आणि तिच्या खिळ्याला अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि माणसांचीही तेवढीच काळजी घ्या. कुणी तुम्हाला ‘होय’ म्हटलं, की लगेच उठून जाऊ नका. थोडं बसा. त्याच्या पोटात ‘नाही’ असेल, तर त्याला ते निर्धास्तपणे म्हणू द्या.