एका वेळी एकच जुनं

मलकापुरात जुन्या लुगड्याला बोहारीण एक स्टीलची वाटी देते, आणि तीसुद्धा तोंड वाकडं करून. सुचिताने या बोहारणींनाच हाताशी धरलं. त्यांच्या गाठोड्यातली चांगली लुगडी ती निवडून घेई, धुऊन उन्हात घाली, कडुनिंबाचा पाला घालून ठेवी, आणि मग मशीनवर बसून त्यांचं असं काही करी की बघणाऱ्याने बोटं तोंडात घालावीत. लुगड्याचं जाकीट, इरकली काठ लावलेली जीन्स, शालूच्या पदराचा कमरपट्टा. फोनवर तिने ‘लुगडं-बिगडं’ नावाचं पान काढलं होतं. आधी गल्ली हसली, ‘चिंध्यांची दुकानदारी’ म्हणाली. मग त्याच गल्लीतल्या पोरी आपापल्या आजीच्या पेट्या उपसून तिच्या दारात येऊन बसायला लागल्या. गल्लीचं हे असंच असतं.

सुचिताचा एक नियम होता, आणि येणाऱ्या प्रत्येकीला ती तो ऐकवायची. अंगावर एका वेळी एकच जुनी वस्तू घालायची. लुगड्याचं जाकीट घातलं की खाली जीन्स, पायात पांढरे बूट आणि गळा मोकळा. दुसरी जुनी वस्तू चढली की बाई शाळेच्या गॅदरिंगला निघाल्यासारखी दिसते. हा नियम तिने स्वतः एकदाच मोडला.

सुचिताचा नवरा गोकुळ जिनिंगमध्ये हिशेबनीस होता. शांत माणूस. त्याला एकच खोड होती. जेवायला बसला की पहिला घास उचलून तो क्षणभर डाव्या हाताला बघायचा, आणि मगच तोंडात घालायचा. “तिकडं काय टीव्ही आहे काय?” असं सुचिता लग्न झाल्यापासून चिडवत आली होती. तो म्हणायचा, “लहानपनापासून आहे. काऊन ते मलेच मालूम नाई.” त्यांची मुलगी छकुली साडेतीन वर्षांची होती. बडबडी, आणि आईला अशी चिकटलेली की सुचिता शिवत असली की ही मशीनखाली तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपायची.

घरात चौथी होती सासू, मनकर्णाबाई. ती सासरे पंजाबरावांची दुसरी बायको. पहिली रुखमाबाई लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मनकर्णाबाई या घरात यायच्या आधीच. जुन्या रीतीप्रमाणे दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधला गेला. टाक म्हणजे चांदीचा अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर बाईची उठावाची आकृती. मनकर्णाबाईने तो पंचेचाळीस वर्षं गळ्यात वागवला. नवं लुगडं आलं की ते आधी टाकापुढे धरायचं, “आक्का, आधी तू नेस” म्हणायचं आणि मगच घडी मोडायची. पंजाबराव गेले, तरी तिची रीत चुकली नाही. सुचिताला हे सगळं गोड वाटायचं. गोड आणि थोडं वेडगळ.

फाल्गुनात मनकर्णाबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात गळ्यातलं सगळं काढून या म्हणाले. तिने टाक काढून सुचिताच्या हातावर ठेवला.

“सुचिता, याले देवात ठेव. मी जयमालाकडून परत येईन तवा बांधीन.” जयमाला ही तिची लेक, अमडापूरला दिलेली; ऑपरेशननंतर तिच्याकडेच राहायचं ठरलं होतं.

“हो आत्याबाई. अन् पेटीतलं ते जांभळं लुगडं? तुम्ही म्हटलं होतं, घे म्हणून.”

“रुखमा आक्काचं हाय ते. घे. पन कात्री लावाच्या आंधी तिले दाखव. इचार तिले.”

सुचिता “हाव हाव” म्हणाली. म्हणायला काय जातं!

लुगडं अप्रतिम होतं. पिकल्या जांभळाचा रंग, बोटभर लाल काठ, पन्नास वर्षांत एक धागा विरला नव्हता. सुचिताने ते टाकापुढे वगैरे काही धरलं नाही. जमिनीवर अंथरलं, स्वतःचं अडतीसचं माप टाकलं आणि कात्री चालवली. दोन दिवसांत जाकीट तयार झालं. पाठीवर काठ उभा, बाह्या कोपरापर्यंत.

शनिवारी दुपारी शेजारची मंजुश्री फोटो काढायला आली. शाळेत शिक्षिका, आणि फोटोत तिचा हात चांगला. दोघी गच्चीवर गेल्या. चारसहा फोटो झाल्यावर मंजुश्रीने मान हलवली.

“सुचिता, गळा लय सुना दिसून राह्यला वो. काही चांदीचं-बिंदीचं नाई काय?”

सुचिताला देव्हारा आठवला. नियम आठवला, आणि नियम काय, आपणच तर केलेला. ती खाली गेली, टाक काळ्या गोफात ओवला आणि गळ्यात बांधून वर आली. मंजुश्री बघतच राहिली. पानावर टाकलेले ते फोटो तासाभरात हजार लोकांनी बघितले. ‘पेंडंट कुठलं?’ असं जो तो विचारत होता.

फोटो चालू असतानाच छकुली जिन्यावरून वर आली. दारात थांबली. मग धावत येऊन तिने जाकिटाला मिठी मारली आणि म्हणाली, “आई, तू आली!”

“मी इथंच तर आहे गं येडी,” सुचिता हसली. छकुली हसली नाही. बाजारातून खूप वेळाने आलेल्या आईला बिलगावं तशी ती बिलगून राहिली.

संध्याकाळी सुचिताने जाकीट आणि टाक काढून खुर्चीवर ठेवले, कुर्ती घातली आणि वरणभाताची वाटी घेऊन छकुलीपुढे बसली. छकुलीने तोंड उघडलं नाही. “माही आई कोठी गेली?” तिने विचारलं. गोकुळ हसला. खेळते आहे, म्हणाला. सुचितालाही तसंच वाटलं. तिने जाकीट चढवलं, टाक बांधला, आणि पोरगी भराभर जेवली.

पुढचे चार दिवस हाच खेळ चालला, फक्त तो खेळ राहिला नाही. जाकीट आणि टाक अंगावर असला की छकुली मांडीवरून उतरत नसे. उतरवला की दूर जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राही. रडणं नाही, हट्ट नाही. बुधवारी दुपारी ती कुर्तीतल्या सुचितापुढे आली आणि परक्या बाईशी बोलावं तसं, अगदी शहाण्यासारखं बोलली.

“मावशी, मले माह्या आईकडं सोडून दे ना.”

पोर चिडली असती, ओरडली असती, तर सुचिताला समजूत घालता आली असती. या शहाणपणापुढे काय करायचं ते तिला कळेना.

मन रमवायला ती मशीनकडे वळली. अकोल्याच्या एका मुलीला तसंच जाकीट हवं होतं, म्हणून तिने पहिल्याचं माप घ्यायला टेप लावली. छाती बत्तीस. तिने टेप उलटी करून पुन्हा लावली. बत्तीसच. हे जाकीट तिने अडतीसचं कापलं होतं, स्वतःच्या हाताने, आणि सकाळीच घातलं होतं. कुठे आवळलं नव्हतं. तिने टेप स्वतःच्या अंगाभोवती घेतली. तिथेही बत्तीस बघून तिने टेप खाली टाकली, जणू ती भाजली.

आरशात कुर्ती खांद्यावरून ओघळत होती. चार दिवस हे आपल्याला दिसलं कसं नाही?

तिने सासूची पेटी उघडली. तळाशी रुखमाबाईची चोळी होती, पुढे गाठ मारायची. सुचिताने ती घातली. ती कुठे ओढली गेली नाही की कुठे सैल पडली नाही. गाठीच्या जागी कापडावर जुनी चुरगळ पडली होती, आणि सुचिताची गाठ नेमकी त्या चुरगळीवर बसली. दारातून छकुली बघत होती. तिचा चेहरा उजळला.

सुचिताने चोळी ओरबाडून काढली आणि अमडापूरला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

“गळ्यात बांधला?” मनकर्णाबाईने विचारलं. “कोनी सांगतलं तुले?”

“फोटोसाठी बांधला आत्याबाई.”

“आक्काले काय समजते फोटो? टाक बांधला म्हंजे तू कबूल केलं, का बाई, तू मोठी, मी लायनी. माह्यं जे जे हाय, ते आंधी तुह्यं. मी बांधला तवा कबूल केलं, अन् जलमभर पाळलं. लुगडं पाळलं, घास पाळला. गोकुळ झाला तवा त्याले न्हाऊ घातलं अन् दूध पाजाच्या आंधी टाकापुढं ठेवलं. म्हनलं, आक्का, आंधी तुहा, मंग माहा. सातवा महिना होता तिले, तवा गेली ते. लेकराचीच भुकेली हाय. तू तिचं लुगडं कापलं, टाक बांधला, अन् दाखवलं काहीच नाई. मंग तिनं हातानं घेतलं.”

“मी आत्ताच तो नदीत टाकून येते!”

“मुकाट्यानं बस! टाकशीन त पोट्टी तिच्यासंगं जाईन. मी निंगतो.”

गुरुवारी दुपारच्या एसटीने मनकर्णाबाई आली, डोळ्यावर काळा चष्मा आणि हातात पिशवी. आल्या आल्या पाय धुऊन तिने देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. जाकिटाची घडी करून पाटापुढे ठेवली, तिच्यावर टाक ठेवला. छकुलीला पाटावर बसवलं. छकुली टाकाकडे बघत शांत बसली.

“म्हन आता,” मनकर्णाबाई सुचिताला म्हणाली.

नऊ महिने आपण वागवलं, कळा आपण सोसल्या, तापात रात्री आपण जागवल्या. आणि आता म्हणायचं की आधी तिची? कोण ही? जिला कधी बघितलं नाही, जिची फक्त पेटी बघितली! सुचिताला संताप आला. रडू त्याहून जास्त आलं.

“नाही म्हटलं तर?”

“त मावशी म्हनून रायशीन,” सासू म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मीबी रडलो होतो, सुचिता. लय रडलो होतो.”

छकुलीने वळून सुचिताकडे बघितलं, दारी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. तेवढं बघणं पुरलं. सुचिताने हात जोडले.

“आक्का,” ती म्हणाली, “आधी तुमची. मग माझी.”

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणी भंगारवाला ओरडत गेला. मग छकुली पाटावरून उठली, डोळे चोळले आणि झोपेतून उठल्यासारखी सुचिताच्या कुशीत शिरली. “आई, भूक लागली,” ती म्हणाली. सुचिताने तिला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. मनकर्णाबाईने टाक उचलून पुन्हा स्वतःच्या गळ्यात बांधला आणि भाकरी टाकायला गेली.

गोकुळ जेवायला घरी आला तेव्हा ताटं मांडलेलीच होती. सुचिताची कुर्ती आता खांद्यावर नीट बसली होती. छकुली आईच्या मांडीला मांडी लावून बसली, आणि सुचिताला वाटलं, सुटलो. तिने भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून छकुलीच्या हातावर दिला.

छकुलीने घास उचलला. तोंडाजवळ नेला आणि थांबली. डाव्या हाताला, जिथे कुणी बसलं नव्हतं, तिथे तिने मान वर करून बघितलं. समोर गोकुळही आपला घास हातात धरून तिकडेच बघत होता. बापलेकीची मान एकाच वेळी वळलेली.

सुचिताच्या हातातही घास होता. तो तिला तोंडात घालवेना.

“थांब ना आई,” छकुली हळूच म्हणाली. “तिचं होऊ दे.”