शेवटचं लघु

श्यामसुंदर देवधर बँकेतून निवृत्त झाले आणि कोलकात्यात डमडमलाच मुलाकडे राहिले. त्यांना एक खोड होती. घरात कुणी काही शिकायला घेतलं की ते शिकवायला आपण बसायचं. सून चैत्रालीने हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या, परवान्याची परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनीही फॉर्म भरला आणि आठवड्याभरात मास्तरकी हातात घेतली.

चैत्रालीला परवाना हवा होता तो गंगासागरच्या जत्रेसाठी. तिथे हरवलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी पोचवायला हॅम क्लबचा चमू जातो, आणि परवाना नसेल त्याला संचावर बोलू देत नाहीत. नियम, वीज, सर्किट हे सगळं तिने ऑफिसला जाताना न्यू टाउनच्या बसमध्ये वाचून काढलं. अडलं ते टिंब-रेघांच्या मोर्स लिपीपाशी.

"अगं, हे तर आपलं वृत्त," श्यामसुंदर म्हणाले. "टिंब म्हणजे लघु, रेघ म्हणजे गुरू. एस हा न गण, ओ हा म गण. यमाताराजभानसलगा म्हटलं की झालं."

आणि खरंच जमलं. रोज संध्याकाळी चांदनीच्या बाजारातून आणलेल्या बझरची किल्ली ते दाबत आणि चैत्राली लिहून घेई. क्लबचे निमाईबाबू सांगत, मोजू नका, मशीनवर ऐका. श्यामसुंदर घरी येऊन त्यांची नक्कल करत. "बाबा, थोडं फोनच्या ॲपवर ऐकू का?" तिने एकदा विचारलंही. "मी असताना फोन कशाला?" ते म्हणाले.

परीक्षा गुरुवारी होती. आधीच्या शनिवारी क्लबात निमाईबाबूंनी मशीन लावून चाचणी घेतली. श्यामसुंदरांची एकच चूक निघाली. चैत्रालीच्या कागदावर लाल खुणांची रांग लागली, आणि प्रत्येक खूण शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर. के, म्हणजे रेघ-टिंब-रेघ, वाजला तिथे तिने रेघ-टिंब-टिंबचा डी लिहिला होता, टिंब-टिंब-रेघेचा यू वाजला तिथे तीन टिंबांचा एस.

श्यामसुंदरांनी कागद पाहिला आणि चूक कुठली ते ओळखलं. चरणाच्या शेवटी आलेलं लघु गुरू मानायचं, हे शाळेपासून अंगात मुरलेलं. किल्लीवर प्रत्येक शब्दाचं शेवटचं टिंब ते श्लोक म्हटल्यासारखं लांबवत आले होते. सुनेला त्यांनी नकळत शिकवलं होतं की शेवटचं लांब ते आखूडच असतं. मशीनला वृत्त ठाऊक नव्हतं.

"बौमा, इस बार रहने दो," निमाईबाबू सूनबाईकडे वळून हळहळत म्हणाले. "प्रॅक्टिस कम है. ससुरजी से सीखो ना. घर में ही गुरु बैठा है." मग त्यांनी श्यामसुंदरांची पाठ थोपटली आणि त्यांच्यासाठी चहा मागवला.

हीच वेळ होती बोलायची. दोन वाक्यांचं काम. पण समोर दहा माणसं होती, सगळी कौतुकाने बघत होती, आणि श्यामसुंदर मूग गिळून बसले. चहाही प्यायले. चैत्रालीने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "हाँ, प्रॅक्टिस कम हुआ."

दोघं मेट्रोने परत निघाले. डमडमला उतरल्यावर श्यामसुंदर फलाटावरच्या बाकावर बसले. त्यांना इतकी शरम वाटत होती की तिच्याकडे बघवेना.

"चूक माझी आहे, चैत्राली. शेवटचं टिंब मी लांबवत होतो."

"कळलं मला. तिसऱ्याच शब्दाला कळलं, पण हात सवयीनेच लिहीत गेला."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुम्ही चहा पीत होतात ना, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना.

त्यांनी तिथेच निमाईबाबूंना फोन लावला. गाडी आली म्हणून आवाज चढवावा लागला, आणि अर्ध्या फलाटाने ऐकलं. "निमाईबाबू, बौमा की गलती नहीं है. गलत सिखानेवाला गुरु मैं हूँ. चाय मुझे नहीं पीनी चाहिए थी."



"चार दिन हैं. कल सुबह से रोज़ दोनों आइए," निमाईबाबू म्हणाले. "बौमा मशीन पे सुनेगी. और दादा, आप हाथ जेब में रखिएगा."

"जी," श्यामसुंदर म्हणाले. त्यांचं बोट गुडघ्यावर तो जी मोर्समध्ये वाजवत होतं, दोन रेघा आणि एक टिंब, आणि टिंब पुन्हा लांबलं होतं. चैत्राली त्या बोटाकडेच बघत होती. त्यांनी हात खिशात घातला.