नेपच्यूनचा दोरा

बालवाडीच्या छताला कागदी लगद्याचे सात ग्रह टांगून होताहेत तोच रुम्यानाबाईंचा दोरा संपला. नेपच्यून हातातच राहिला. छोट्या बिल्यानाने मनगटावरचा, मार्च लागताच रीतीप्रमाणे बांधलेला लाल-पांढरा दोरा सोडून पुढे केला.

“अगं ए, करकोचा दिसल्याशिवाय सोडतात का तो?” बाई करवादल्या.

“मग नेपच्यून बघेल की! खिडकीपाशीच तर टांगायचाय त्याला.”

बाईंनी त्याच दोऱ्याने नेपच्यून टांगला. ग्रहांचं गाणं गात मुलं गोलगोल फिरली, दमली आणि दुपारची झोपली. बाईंनाही पेंग येत होती. एवढ्यात नेपच्यूनने खिडकीकडे हळूच गिरकी घेतली. समोरच्या धुराड्यावर करकोचा उतरला होता.

करकोचा दिसला, की दोरा फुललेल्या झाडाला बांधायचा.

मुलं उठली, तेव्हा अंगणातल्या बहरलेल्या जर्दाळूवर निळा नेपच्यून झुलत होता.

“त्याला आधी दिसला ना, बाई?”

“हो गं. माझ्याही आधी.”