पडद्यावरचे पणजोबा

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आमच्या गणेश मंडळाचा पडदा दरवर्षी बाबा रंगवत. यंदाचा पूर्ण झाला आणि आठवड्यातच ते गेले. तो टांगायला मी गेले.

मंडळाच्या ओसरीवर टीकमगढहून मजुरीला आलेली रामकली नवऱ्यासह राहत होती. "गणपती बसायच्या आत यांना हलवा," अध्यक्ष संभाजीराव म्हणाले.

आम्ही पडदा उलगडला. दख्खनहून ग्वाल्हेरला चालत आलेली आमची माणसं बाबांनी काढली होती. डोक्यांवर बोचकी, पायांना फोड, आणि सर्वांत पुढे पागोटं बांधलेला एक उंच माणूस. त्याच्या नजरेपुढे संभाजीरावांनी हात जोडले.

"आमचे पणजोबा! नाक बघा, आमचंच."

रामकली पदराआड हसली. "बाबूजी, जे तो हमाए वो हैं. मास्साब ने यहीं बिठाके बनाए."

मास्साब म्हणजे बाबा. शेवटचे महिने ते दुपारी कुठे जात, हे मला तेव्हा कळलं. मी पुन्हा पाहिलं. चेहरा रामकलीच्या नवऱ्याचा होता, आणि तरीही ते पणजोबाच होते.

संभाजीरावांचे हात जोडलेलेच राहिले. ते म्हणाले, "रामकली, सामान अंदर रख लो. आरती के टाइम थोड़ा सरक जाना, बस."