फाट नव्हे, मी आडवा बंध

मी गुडघ्यातला आडवा बंध बोलतोय. हसू नका. गुडघ्यातल्या मोठ्या बंधांची नावं खेळाडूंमुळे पेपरात तरी येतात, मला कोण विचारतो? गुडघ्यात दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. त्यांची पुढची टोकं मी एकमेकींना बांधून ठेवतो. जाडी म्हणाल तर काडीएवढी. कित्येकांच्या गुडघ्यात मी नसतोच आणि त्यांचं काही अडत नाही. असं आमचं वजन!

माझे मालक फरशी बसवणारे मिस्त्री. त्यांचं अर्धं आयुष्य गुडघे टेकून गेलं, म्हणून त्यांच्या कामात माझाही वाटा आहे असं मला वाटे. दोन फरश्यांमधल्या सांध्याची रेघ जराशी सरकली तरी ते बसवलेली फरशी उचकटून काढत. "माझी लेक घर बांधेल ना, तिथे मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही," असं सोबत्यांना बजावून सांगत.

पुढे लेकीनं खरंच घर बांधायला काढलं आणि नेमकी यांच्या गुडघ्याच्या वाटीवर सूज आली. दुखणं वरवरचं होतं, टेकून टेकून आलेलं. पण बायको हट्टालाच पेटली आणि एमआरआय झाला. त्या यंत्रात हलायचं नाही असा हुकूम, आणि वरून आवाज असा की जणू कुणी पत्रे बडवतंय.

फोटोंची भलीमोठी फिल्म डॉक्टरांनी दिव्यावर धरली. बाहेर रांग लागलेली, त्यामुळे ते घाईत होते. एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. त्यात मी आणि बाहेरची गादी शेजारी शेजारी होतो, दोघंही काळेकुट्ट, जणू एकच गादी, आणि आमच्या मधल्या चरबीची पांढरी रेघ.

"मिस्त्री, गादी फाटलीये. ही बघा फाट."

"साहेब, पोरीच्या घराची फरशी तेवढी..."

"गुडघा टेकायचाच नाही. टेकलात तर ऑपरेशनची पाळी येईल."

जीव तोडून ओरडलो असतो, पण मला कुठलं तोंड! शेजारचे फोटो बघितले असते, तर या गादीपासून त्या गादीपर्यंत मी सलग जाताना दिसलो असतो. आणि आमचे मिस्त्री! एका फरशीवरून अख्ख्या खोलीचा उतार त्यांनी कधी ठरवला नव्हता, पण स्वतःच्या गुडघ्याबाबत एका फोटोवर विश्वास ठेवून मोकळे झाले.

लेकीच्या घरी दुसऱ्यांनी फरशी बसवली. हे खुर्चीत बसून "डावीकडे, अजून जरा" करत राहिले, मग तेही सोडलं. हत्यारांची पिशवी एका सोबत्याला देऊन टाकली. लेकीकडे जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढू लागले.

दोन वर्षांनी जिन्यात तोच गुडघा पिरगळला आणि दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा एमआरआय झाला. तिथल्या डॉक्टरबाई संगणकावर एकामागून एक फोटो सरकवत बघत होत्या.

"लचक आहे, जाईल. बाकी ठीक."

"आणि ती फाट?"

"ही फाट नाही, काका. हा आडवा बंध. हा बघा, इथून निघाला, तिकडे पोचला."

पहिल्यांदाच कुणीतरी माझं नाव घेतलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मिस्त्रींनी जुनी फिल्म पुढे केली. बाईंनी ती उजेडात धरून बराच वेळ बघितली.

"तेव्हाही गादी धडधाकट होती."

"म्हणजे मला टेकता आलं असतं," मिस्त्री हळूच म्हणाले.

लचक गेल्यावर ते लेकीकडे गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गुडघे टेकून बसले. तिथल्या फरशीच्या वाकड्या सांध्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"बाबा, काढायची का ही? तुम्ही बसवा नवी."

"नको गं. तुझं पोर हिच्यावर चालायला शिकलं. राहू दे."

उठताना त्यांना लेकीचा हात धरावा लागला.

फोटो बघणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. रेघ दिसली तर तिथेच थांबू नका, शेजारचा फोटोही बघा. तेवढं कुणी केलं असतं, तर त्या घराची फरशी आम्ही बसवली असती.