नागव्वाचे मुसळ

दिवेलागणीच्या तांबूस उजेडात अंगणातल्या भुईवर मुसळाचे तीन घाव पडत, आणि मग नागव्वा मान तिरकी करून, श्वास रोखून, जमिनीचे उत्तर ऐकत उभी राही. निलंग्याजवळच्या त्या गावात भूकंपाने तिचा नवरा आणि दोन्ही लेकी माळवदाखाली गाडल्या, तेव्हापासूनचा हा नेम. त्याआधी कित्येक दिवस जमीन गुरगुरत होती आणि कुणी ते मनावर घेतले नव्हते, म्हणून ती आता रोज विचारून घेई. उत्तर कसलेही येवो, थंडीपावसात तिची बाज अंगणातल्या पत्र्याखालीच असे.

तिच्या परसात, सिमेंटच्या खड्ड्यात, आमच्या संशोधन संस्थेचे भूकंपमापक यंत्र पुरलेले होते. गोदावरीच्या खालच्या अंगाला भारताचा भूखंड प्राचीन काळी फाटू पाहत होता. त्या खचदरीच्या तळाशी, भूकवचाखालच्या प्रावरणात, अजून किती दाह उरला आहे, हे मी सातासमुद्रापलीकडच्या भूकंपांच्या लाटांवरून मोजत होतो. तापलेल्या खडकातून जाताना लाट मंदावते, किंचित उशिरा पोचते. तो उशीर टिपायला भुईची निखळ शांतता हवी. आणि माझ्या आलेखावर रोज सांजेला तीन काळे काटे उगवत. मला त्या म्हातारीचा वीट आला होता.

"मावशी, मुसळ बंद करा. आता मशीन ऐकून राहिलीय ना जमिनीचं."

"मंग पुन्हा हालायची आसंल तर आधी सांगंल का रं बाबा ती?"

आधी सांगणारे यंत्र जगात नाही. मी म्हणालो, "हाव, सांगंल."

तिने त्याच दिवशी मुसळ कोपऱ्यात उभे केले. यंत्राच्या झाकणाला विभूती लावली, बेलपान वाहिले, आणि इतक्या वर्षांनी बाज घरात नेली, भूकंपातून तगलेल्या दगडमातीच्या एकुलत्या खोलीत. ती गाढ झोपते असे शेजारणीने सांगितले, तेव्हा मला बरेच वाटले. आलेखही स्वच्छ येऊ लागला होता.

हिवाळ्यातल्या एका पहाटे जवळच लहानसा धक्का बसला. गावात भांडी वाजली, लोक हसत चहाला लागले. फक्त नागव्वाच्या उशाकडची भिंत आत ढासळली, आणि ती उठलीच नाही. यंत्राने तो धक्का इमानेइतबारे नोंदवला. आम्हाला दूरचे भूकंप हवे होते. जवळचा म्हणून तो मीच छाटून टाकला.

पुढे तिच्या परसातल्या केंद्राची नोंद सर्वांत निर्मळ ठरली आणि प्रावरणाचे तापमान तिच्यावरूनच निघाले. एवढी शांतता कुठे मिळाली, असे लोक कौतुकाने विचारतात. मी गावाचे नाव सांगतो, तिचे सांगत नाही. दिवेलागणीच्या जागी आलेखावर आता सरळ रेघ आहे. वर्षे तिच्यावरून न अडखळता सरकत जातात, आणि मी, लाज वाटत असूनही, रोज त्या वेळेला तीन घावांची वाट पाहतो.